सोलापूरच्या उन्हात तीस टक्के

चेहऱ्याला लावायचं अ‍ॅसिड स्वस्त आहे, हे मान्य. 30 मिलिलिटरची बाटली सहाशे-सातशे रुपयांच्या आसपास मिळते, आठवड्यातून एकदा लावली तर तीन-चार महिने पुरते. जुळे सोलापुरात आसरा चौकापासून सैफुलपर्यंत बऱ्यापैकी मोठ्या मेडिकलमध्ये तापाच्या गोळ्यांशेजारी आता ही सीरमं मांडलेली दिसतात. ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक ही नावं बारावीच्या रसायनशास्त्राबाहेर फारशी कुणाच्या तोंडी नव्हती. आता ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये ऐकू येतात.

घ्यावं का? माझं उत्तर सरळ आहे. दहा टक्क्यांपर्यंतचं घ्यावं, आणि त्याआधी उन्हाचा बंदोबस्त करावा. तीस टक्क्यांची बाटली घरात आणू नये. आणि गोरं व्हायचं म्हणून तर यातलं काहीच आणू नये.

हे अ‍ॅसिड करतं काय, ते आधी. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आतबाहेर. खालून नव्या पेशी वर येतात, वरच्या गळून पडतात, आणि हे चक्र साधारण महिनाभराचं असतं. वय वाढलं की ते मंदावतं, कातडी खरबरीत आणि निस्तेज दिसू लागते. ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड या मेलेल्या पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून ते रंध्रात उतरतं आणि आत साचलेला मेद, ब्लॅकहेड्स, बारीक पुटकुळ्या यांच्यावर काम करतं. ही जादू नव्हे आणि थापही नव्हे. 1974 मध्ये यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी ही आम्लं वापरली ती इक्थिओसिसच्या रुग्णांवर, म्हणजे ज्यांची कातडी माशाच्या खवल्यांसारखी होते त्यांच्यावर. आजारावरचं औषध म्हणून ती आली. सौंदर्याच्या दुकानात नंतर गेली.

म्हणून जे सरसकट 'तोंडाला अ‍ॅसिड लावतात का कधी!' म्हणतात, त्यांचं मला पटत नाही. खरबरीत गाल, हनुवटीवरचे ब्लॅकहेड्स, मुरूम जाऊन मागे राहिलेले उथळ डाग, दंडावरचे काट्यासारखे बारीक उंचवटे, यांना या आम्लांचा खरोखर उपयोग होतो. सावकाश, सहा-आठ आठवड्यांनी, पण होतो.

गोम टक्केवारीत आहे. आणि टक्केवारीपेक्षा जास्त पीएचमध्ये, म्हणजे आम्लतेच्या मापात. हा आकडा जितका कमी, तितकं द्रावण जहाल.

ग्लायकोलिकचं पाहा. द्रवाचा पीएच 3.8 असेल तर त्यातलं साधारण निम्मं आम्ल मोकळं असतं आणि तेच प्रामुख्यानं काम करतं. पीएच 5 वर गेला की मोकळं आम्ल सहा-सात टक्केच उरतं. म्हणजे बाटलीवर ठळक '10%' छापलेलं असलं तरी ती बाटली बोथट असू शकते, आणि त्याच आकड्याची दुसरी बाटली तोंड भाजू शकते. पीएच न सांगता नुसती टक्केवारी सांगणं म्हणजे अर्धीच माहिती देणं. काही कंपन्या पीएच छापतात. ज्या छापत नाहीत त्यांची बाटली कितीही स्वस्त असली तरी ती परत ठेवावी, इतकं मी स्पष्ट म्हणेन.

अमेरिकेत प्रसाधनांच्या घटकांची तपासणी करणारं एक तज्ज्ञ मंडळ आहे. त्याने 1998 मध्ये ग्लायकोलिक आणि लॅक्टिकबद्दल मर्यादा सांगितली. घरी वापरायला 10 टक्क्यांपर्यंत, पीएच 3.5 पेक्षा कमी नको, आणि उन्हापासून संरक्षण हवंच. 30 टक्क्यांपर्यंतचं सलूनमध्ये चालेल, पण पीएच 3 च्या खाली नको, लावायचं थोडाच वेळ, नीट धुवायचं आणि लावणारा हात शिकलेला हवा. आता आपल्याकडच्या बाटल्या बघा. एका कॅनेडियन कंपनीने 30 टक्के आणि वर 2 टक्के सॅलिसिलिक असं लालभडक द्रावण काढलं, ते जगभर गाजलं, आणि तशाच बाटल्या भारतीय कंपन्यांनीही बाजारात आणल्या. दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, असं मूळ बाटलीवरच म्हटलेलं आहे. शिकलेल्या हातांसाठी सांगितलेली टक्केवारी घरात आली, शिक्षण आलं नाही. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाला, लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला की तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय जहाल पील, म्हणजे कातडीचा वरचा थर सोलणारं द्रावण, विकत घेऊ नका, भाजल्याचे आणि व्रण उरल्याचे प्रकार होताहेत. हा इशारा तिथल्या उन्हात राहणाऱ्यांसाठी होता.

आपलं ऊन वेगळं आहे.

सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. मे महिन्याच्या दहा-अकरा तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे सहज चढतो. दुपारी विजापूर रोडला सिग्नलवर दुचाकी थांबवलेल्या मुलीच्या कपाळावर जे ऊन पडतं, ते टोरांटोच्या मुलीला वर्षातल्या कुठल्याच दिवशी मिळत नाही. आणि ही आम्लं कातडीला उन्हापुढे हळवी करतात, हे मोजलेलं आहे. 10 टक्के ग्लायकोलिक चार आठवडे लावल्यावर अतिनील किरणांनी कातडी लाल होण्याची संवेदनशीलता 18 टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं, आणि पेशींना होणाऱ्या इजेची संवेदनशीलता दुपटीवर गेली. लावणं थांबवल्यावर आठवडाभरात ती पूर्ववत होते, हीच काय ती दिलाशाची बाजू. 2005 पासून एफडीए अशा प्रसाधनांवर उन्हाचा इशारा छापायला सांगते. वापरताना, आणि थांबवल्यावरही आठवडाभर, सनस्क्रीन लावा.

आता खरा हिशेब मांडू. चेहरा आणि मान मिळून सनस्क्रीन लागतं एका वेळेला दोन बोटांच्या लांबीइतकं, साधारण एक ग्रॅम. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा धरलं तर 50 ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसांत संपते. ट्यूब चारशे-साडेचारशेची धरा. अ‍ॅसिडची बाटली चार महिने पुरते, तेवढ्यात सनस्क्रीनच्या पाच ट्यूब होतात. म्हणजे दोन हजारांच्या वर. सहाशेच्या बाटलीची किंमत ही आहे, सव्वीस-अठ्ठावीसशे. ज्या घरात सनस्क्रीनची एक ट्यूब तिघीजणी सहा महिने पुरवतात, त्या घरात अ‍ॅसिड स्वस्त नाही. तिथे ते परवडतच नाही, असं आधी मान्य करायला हवं.

इथे मला स्कार्फची बाजू घ्यायची आहे. दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा सुती ओढणीने गुंडाळतात, त्यावर बाहेरगावचे लोक काहीबाही बोलतात. बोलू द्या. घट्ट विणीचं सुती कापड हे उन्हाविरुद्धचं सर्वांत स्वस्त आणि भरवशाचं साधन आहे. ते घामाने वाहून जात नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. फक्त पील केल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते कापड मऊ हवं, घासू नये आणि रोज धुतलेलं हवं.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि ती जास्त दुखरी. गव्हाळ, सावळ्या कातडीला भाजलं, खरचटलं, चिडचिड झाली की लाली जाते पण मागे काळा डाग राहतो. तो महिनोन्‌महिने राहतो. गोऱ्या कातडीवर जो त्रास आठवड्यात विसरला जातो, तो आपल्याकडे चेहऱ्यावर लिहून जातो. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये कातडीचे प्रकार ठरवण्याची जी पद्धत मांडली, ती मुळात गोऱ्या कातड्यांपुरती होती. सावळ्या आणि काळ्या कातडीचे प्रकार तिच्यात नंतर जोडले गेले. म्हणून डाग घालवायला घेतलेलं जहाल अ‍ॅसिड आपल्याकडे नवा डाग देऊन जाऊ शकतं. चांगला त्वचारोगतज्ज्ञ पील करण्याआधी काही आठवडे कातडी तयार करून घेतो, सनस्क्रीनची सवय लावतो, कमी टक्क्यापासून सुरुवात करतो. सावळ्या कातडीवर पील करूच नये असं अजिबात नाही. 1999 मध्ये पर्ल ग्राइम्स यांनी सावळ्या आणि काळ्या रुग्णांवर 20 आणि 30 टक्के सॅलिसिलिकचे पील करून चांगले परिणाम नोंदवले. पण ते दवाखान्यात, तयारी करून, डॉक्टरच्या हातून.

मग घरी काय आणावं? लॅक्टिक 5 ते 10 टक्के, किंवा त्याच कुळातलं मँडेलिक 10 टक्के. मँडेलिकचा रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचा, म्हणून तो हळू आत जातो आणि कमी चिडवतो. सावळ्या कातडीला माझी पहिली पसंती तीच. तेलकट चेहऱ्याला 2 टक्के सॅलिसिलिक. केमिस्टकडे ग्लायकोलिकचं सहा टक्क्यांचं साधं क्रीमही मिळतं, त्याच्या डबीवर ना फुलं ना चमक, आणि पुष्कळांना तेवढं पुरतं. आधी कानामागे लावून दोन दिवस बघायचं. मग आठवड्यातून दोनदा, रात्रीच. थोडं चुरचुरलं तर चालेल. भगभग झाली तर लगेच धुवायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय सॅलिसिलिक लावू नये. लेबलवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल, किंवा परदेशी मालावर आयातीच्या नोंदणीचा क्रमांक नसेल, तर तो माल कुणी फुकट दिला तरी नको.

पाण्याबद्दल बोलायलाच हवं. ज्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथे तोंड धुवायला बहुतेकदा बोअरचं जड पाणी असतं. या पाण्यात साबण नीट निघत नाही, कातडी ओढल्यासारखी होते. साबणाच्या वडीचा पीएच 9-10, कातडीचा 5 च्या आसपास. रात्री अ‍ॅसिड, सकाळी वडी आणि बोअरचं पाणी, वरून टॉवेलने खसाखसा पुसणं, असं महिनाभर केलं तर दोष कुणाचा हे सांगता येणार नाही. अ‍ॅसिड लावायच्या दिवशी तरी भरून ठेवलेलं नळाचं पाणी वापरावं, सौम्य फेसवॉश घ्यावा, आणि सोलापूरचा टॉवेल कितीही नावाजलेला असला तरी चेहऱ्यावर तो टेकवावा, घासू नये.

उसापासून काढलेलं म्हणून ग्लायकोलिक विकतात. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात हे वाक्य चटकन आपलंसं वाटतं. उसात ग्लायकोलिक असतं हे खरं, पण बाटलीतलं सहसा कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं, आणि त्यात वाईट काही नाही. 'नैसर्गिक' या शब्दासाठी शंभर रुपये जास्त देऊ नका, एवढंच. तीच गोष्ट घरच्या लिंबाची. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, म्हणजे वर सांगितलेल्या प्रत्येक मर्यादेच्या खाली. शिवाय लिंबातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजून काळे पट्टे उठतात. दही त्या मानाने सौम्य. लिंबू चेहऱ्याला लावायचं नाही, आजीने सांगितलं असलं तरी.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती. मान.

मुलीची मान काळी पडली म्हणून आई तिला रागावते. नीट घासत नाहीस, मळ साचलाय. मग स्क्रब येतो, लिंबू येतं, हल्ली अ‍ॅसिड येतं. मानेवर, काखेत काळी, मखमलीसारखी जाडसर कातडी होणं याला वैद्यकात अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. तो मळ नसतो. पुष्कळदा ती शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची खूण असते. वजन वाढलेलं असणं, पाळी अनियमित असणं, घरात मधुमेह असणं, यांच्याशी तिचं नातं आहे. त्या मुलीला अ‍ॅसिडची बाटली नको आहे. तिची रक्तातली साखर तपासायला हवी, पाळीबद्दल विचारायला हवं. पॅथॉलॉजीत उपाशीपोटीच्या साखरेची तपासणी त्या बाटलीच्या किमतीपुढे काहीच नाही. घासून घासून मान सोलवटलेल्या पोरीला कुणी तरी हे आधी सांगायला हवं होतं. शाळेच्या आरोग्य तपासणीत मानेकडे बघायला हवं. आणि आईने रागावणं आजच थांबवायला हवं.

वांगाचंही तसंच. गालांवरचे ते तपकिरी पट्टे ऊन, उष्णता आणि संप्रेरकं यांनी वाढतात. स्वयंपाकघरातली धगही त्यात भर घालते. तिथे जहाल अ‍ॅसिड लावलं तर वांग चिडतं आणि पसरू शकतं. मुरमांचे खोल खड्डेही घरच्या बाटलीने भरत नाहीत. सिव्हिलमध्ये, म्हणजे आपल्या सर्वोपचार रुग्णालयात, त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. केसपेपर काढायला लाजण्यासारखं काही नाही.

या बाटलीपेक्षाही धोक्याची चीज आधीपासून घरोघर आहे. शेजारणीने दिलेली गोरेपणाची ट्यूब, जिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइडचं क्रीम लावत होते. 2018 मध्ये केंद्राने अशी अनेक क्रीमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावून पातळ झालेल्या कातडीवर अ‍ॅसिड पडलं तर काय होतं, ते त्वचारोगाच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. आणि अकोल्याचं विसरू नका. तिथल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला, मुंबईच्या केईएममध्ये कारण शोधताना त्यांच्या वापरातल्या क्रीमकडे लक्ष गेलं, आणि त्यात पारा निघाला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी वर्तमानपत्रांत होती. प्रसाधनात नकळत उतरणाऱ्या पाऱ्याचीही मर्यादा आपल्या नियमांत दहा लाखांत एक भाग इतकीच आहे.

लोक गोरेपणाच्या मागे लागतात आणि बाजार त्यांच्या मागे लागतो. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' गेला, 'ग्लो' आला. त्याच हिंदुस्तान युनिलिव्हरने जानेवारी 2025 मध्ये जयपूरच्या 'मिनिमलिस्ट'चा 90 टक्क्यांहून अधिक हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे नावातच टक्केवारी सांगून अ‍ॅसिड विकणाऱ्या कंपनीचा. टक्केवारी उघड सांगणं चांगलंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण अ‍ॅसिड कातडीचा मूळ रंग बदलत नाही. बदलू शकत नाही. रंग ठरवणाऱ्या पेशी खाली बसलेल्या आहेत, आणि हे काम वरच्या मेलेल्या थरात चालतं. स्थळ येणार म्हणून महिन्याभरात पोरीला 'उजळ' करायला निघालेल्या घराला हे ठणकावून सांगायला हवं.

लग्नाच्या घरांसाठी आणखी एक. पार्लरच्या नवरीच्या पॅकेजमध्ये पील असेल तर बाटलीचं लेबल मागून बघा, लेबल नसेल तर उठून या. पील हळदीच्या किमान तीन आठवडे आधी उरकलेलं हवं. सोललेल्या चेहऱ्यावर हळद, मग वैशाखातलं ऊन, मग मेकअप, मग थ्रेडिंगचा दोरा, हे सगळं एका आठवड्यात कुठल्याच कातडीने सोसू नये.

औषध विकायला परवाना लागतो, प्रसाधन विकायला आपल्याकडे तो लागत नाही. म्हणून तीस टक्क्यांची बाटली काउंटरवर कुणालाही मिळते, गणवेशातल्या मुलीलाही. स्वीडनमधल्या एका मोठ्या औषध दुकानांच्या साखळीने 2024 मध्ये स्वतःहून ठरवलं की पंधरा वर्षांखालच्यांना पालकांच्या परवानगीशिवाय असली अ‍ॅसिडं विकायची नाहीत. तिथे तसा कायदा नव्हता. जुळे सोलापुरातल्या मेडिकलवाल्यांनीही हे उद्यापासून करावं. दहावीतली मुलगी येऊन "काका, ते लाल सीरम द्या" म्हणाली, तर ती बाटली काउंटरखाली ठेवावी, तिला सनस्क्रीन दाखवावं, आणि तिची मान काळी दिसली तर "आईला घेऊन ये, बाळा, एक साखरेची तपासणी करून घ्या" असं सांगावं.